देवी डॉक्टरांचा जबाब

ती घटना मी विसरलेलो नाही. पण आता ती घडल्यासारखी आठवत नाही, स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. पांढरे ऊन, मोहाच्या फुलांचा जड वास, फॅक्टरीचा लांबलेला भोंगा आणि फाटकाबाहेर बाह्या वर करून उभ्या असलेल्या माणसांची न संपणारी रांग. चेहरे पुसट झाले आहेत. दंड तेवढे स्पष्ट दिसतात.

चीनच्या लढाईनंतरचा तो उन्हाळा. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या बारा-बारा तास चालत होत्या आणि अशात कामगारांच्या वस्तीत देवीची साथ आली. दंडावर ताज्या लसीचा फोड दिसल्याशिवाय कोणालाही आत सोडायचे नाही, असा हुकूम निघाला. मी त्या भागातल्या ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो.

लस टोचणाऱ्याला आम्ही मराठी माणसे देवी डॉक्टर म्हणत असू. आमचे देवी डॉक्टर पन्नाशीचे, नागपूरकडचे. सायकलच्या कॅरिअरला लसीचा बर्फाचा डबा बांधून ते गल्लोगल्ली फिरत.

एका सकाळी वीस-पंचवीस कामगारांनी त्यांना कॉलर धरून ठाण्यात आणले. लेथवर काम करणाऱ्या एका कामगाराला देवी निघाल्या होत्या, आणि त्याच्या दंडावर तर फोड होता.

"साहब, इसने हमको पानी लगाया है, पानी!"

ठाण्याच्या मुंशीने नोंदींचा रोजनामचा उघडला. मी जमाव बाहेर काढला आणि डॉक्टरांना समोर बसवले. माझा अनुभव असा की, दोषी माणूस आधी स्वतःबद्दल बोलतो. हे मात्र आजाऱ्याचीच चौकशी करत होते.

"ताप किती आहे त्याला? घरच्यांना टोचलं का कोणी?"

"प्रश्न मी विचारणार," मी म्हणालो.

"मग विचारा ना. पण आधी त्याचा दंड पाहून या, साहेब. मी टोचलेला फोड मधून दबते, खळगा पडते त्याला. हजार लोकांची नावं कोण लिहून राहिलं? खूण हीच आपली पावती."

मी आजाऱ्यांच्या शेडवर गेलो. त्या कामगाराचा फोड सपाट होता, काळा, कडेला पसरलेला. मला शंका राहिली नाही. तो बिब्ब्याचा चटका होता. बिब्बा हे रानातले फळ; तापल्या सुईने त्याचे तेल लावले की कातडी पोळून फोड येतो. आमच्या घरांतून टाचेच्या भेगांवर, दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा घालत. माझ्या टाचांना तो कितीदा घातला गेला होता.

कुंपणाशी त्याची बायको उभी होती. तिला आत सोडत नव्हते.

"सुई से नहीं डरते थे, साहब. सुई के बाद के बुखार से डरते थे," ती म्हणाली. "बुखार में छुट्टी माँगो, तो सब गद्दार कहते हैं. आपके क्वार्टर की तरफ एक मराठी दीदी हैं. वो बिना सुई के निशान बना देती हैं."

आमच्या क्वार्टरकडे अशी बाई एकच होती. माझी विधवा बहीण, जिने मला आईमागे वाढवले.

मी घरी गेलो तेव्हा अक्का सुपात तांदूळ निवडत होती. सुपावर ऊन पडले होते. मी विचारले. तिने लपवले नाही.

"काहून, काय बिघडलं? पोरं रडकुंडीला आली होती. हात सुजला तर मशीन कोण चालवते? मी म्हटलं, चला, खूणच पाहिजे ना, देते करून."

"किती जणांना?"

"चाळीसेक असतील."

"नावं सांग."

"नावं कुणी विचारली? मी दंड पाहिले, रे."

तेव्हा मी तिला सांगितले की त्यातल्या एकाला देवी निघाल्या आहेत. तिचा हात सुपातच थांबला.

चाळीस माणसे बिनलसीची फिरत होती आणि ती कोण, हे कोणालाच माहीत नव्हते. ठाण्यात परतून मी डॉक्टरांना सांगितले, तो बिब्बा होता.

"बिब्ब्याचं नाव काढू नका," ते म्हणाले. "लढाईचे दिवस आहेत. पकडतील म्हणून सगळे दंड झाकतील. तुम्ही लिहा, याची लस उन्हानं खराब झाली, सगळ्यांना पुन्हा टोचणं आहे. शिव्या देत येतील, पण येतील."

"आणि तुमची नोकरी?"

"साथ जाऊ द्या, मग खरं काय ते लिहून टाका."

"बिब्बा घालणारी बाई..."

"ते मला सांगू नका, साहेब."

त्यांनी माझा चेहरा वाचला होता. मी लिहिले. चाळीस जणांसाठी लिहिले, असे स्वतःला समजावले. पण पेन उचलताना डोळ्यांसमोर अक्का होती.

तीन दिवस रांग लागली. एकाने टोमणा मारला, "इस बार दवा है कि शरबत, डॉक्टर साहब?"

"शरबत होता तो तू दो बार माँगता, भैया," डॉक्टर म्हणाले आणि टोचले.

तिसऱ्या दिवशी त्या रांगेत अक्का उभी होती. तिने पदर सारून दंड पुढे केला. त्यांनी तिलाही टोचले.

त्या वस्तीत पुढे कोणी दगावले नाही. लेथवरचा तो कामगार वाचला, मात्र त्याचा एक डोळा गेला. डॉक्टरांची चौकशी झाली, शेरा बसला आणि त्यांना कुंडमच्या जंगलात धाडले. माझ्या एका पुरवणी अहवालाने तो शेरा पुसला गेला असता. आधी अक्का होती म्हणून लिहिला नाही. अक्का गेली तेव्हा माझी बढती जवळ आली होती.

काही वर्षांनी डॉक्टर तिलवारा घाटावर भेटले. नर्मदेवर धुके होते. त्यातून ते सायकल ढकलत आले.

"लिहिलं का, साहेब?"

"लिहून राहिलो."

"अच्छा," ते हसून म्हणाले आणि पुन्हा धुक्यात गेले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. कुंडमला ते वारले, असे कळले. निरोप आणणारा म्हणाला, "तेच ना, ज्यांची लस खराब निघाली होती?"

अलीकडच्या मोठ्या साथीत शेजारचे लोक मला विचारत, लस न घेणाऱ्याचे काय करावे? मी सांगत असे की त्याला दटावू नका. त्याला कशाची भीती आहे ते विचारा, ताप आला तर त्याचे काम कोण सांभाळणार ते आधी ठरवा, आणि त्याच्यासोबत रांगेत उभे राहा. घाबरलेला माणूस हुकूम पाळल्याचे दाखवतो आणि आजार घरी घेऊन जातो. हे मला पोलिसाच्या नोकरीने नाही, एका लस टोचणाऱ्याने शिकवले.

त्या डॉक्टरांच्या नातवंडांपैकी कोणी हे वाचत असेल, तर हा माझा जबाब समजावा. त्या उन्हाळ्यातली लस चांगली होती. रोजनामच्यातली नोंद खोटी आहे, ती माझ्या हातची आहे, आणि ती खोटी आहे हे लिहिताना मला माहीत होते.