निळ्या बॅरलातलं पाणी

दोन हजार साल उलटून गेलतं. आमच्या गडमुडशिंगीत तवा नळाला रोज पाणी न्हवतं, म्हणून मालकांनी एमआयडीसीतनं प्लास्टिकचं निळं बॅरल आणलं. माझी शाळा सातवीतच सुटलेली, पर भांडी घासण्यात मला कोण हरवंल? पितळंची घागर घासतात तसंच मी बॅरलबी आतनं राख आन तारंच्या घासणीनं खसाखसा घासायचे. पाणी यायच्या आदी, दर खेपेला. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून लई स्वच्छ हाय आमची."

पोरगी दीड वर्साची. तिचं पोट सारखं बिघडाय लागलं. औषध संपलं की पुन्हा तेच. धाकटी नणंद कोल्हापुरात सायन्सला होती, ती म्हणाली, "वैनी, पाण्यात काय हाय बघूया की. आमच्या मॅडम दाखवत्यात."

बाटलीत पाणी भरलं, पोरीला काखंत मारलं आन नणंदंच्या कॉलेजात गेलो.

मॅडमनी पाणी कागदातनं गाळलं, कागदावर ऱ्हायलेलं काचंवर घेतलं. मायक्रोस्कोपात मला आदी नुसता धुरळा दिसला. मग त्यांनी कसलं तरी चाक फिरवलं, तसं सगळं काळं झालं, आन त्या काळ्यात तुकडं चमकाय लागलं. बारीक, वळलेलं, टोकदार.

"हे जंतू व्हय?"

"नाही हो, जंतू असे दिसत नाहीत. हे प्लास्टिक, ते चाक फिरवलं की बाकीचं काळं होतं आणि हे चमकतं. साध्या उजेडात निळं दिसतंय, बघा. बॅरल निळं आहे म्हणालात ना, ते कशानं घासता?"

मी सांगितलं. नणंद फिस्सकन हसली, "वैनी, बॅरल किसून पाजलंस की गं पोरीला!"

ती चेष्टंनं म्हणाली, पर मी पोरीचं पोट चाचपाय लागले.

"मॅडम, आत ऱ्हातंय का हो ते? त्यानंच पोट बिघडलंय का?"

"त्यानंच असं मी म्हणणार नाही. जंतूंची तपासणी वेगळी करावी लागेल. बरंचसं बाहेर पडत असावं. बाकीचं काय होतं ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. घासणं तेवढं थांबवा."

कुणालाच न्हाय? एवढं मोठं यंत्र, एवढी शिकलेली माणसं, आन कुणालाच न्हाय? मग मी कुणाला इचारू?

नणंद कॉलेजातच थांबली. येताना बसमधी गच्च गर्दी, उकाडा. पोरगी "पानी, पानी" करून रडाय लागली. पिशवीत तिची बाटली होती, पर पाणी बॅरलातलंच. मी पिशवी पायाखाली सरकवली. पोरीला थोपटलं, खिडकी दाखवली, फुंकर मारली. ती लालबुंद.

समोरची म्हातारी वरडली, "अगं ए, घसा सुकला की लेकराचा! आई हायस का कोण? घे, माझं पाज."

तिनं बाटली फुडं केली. तीबी प्लास्टिकचीच, चरे पडलेली. मी ती खिडकीच्या उजेडाकडं धरली. कायबी दिसलं न्हाय. मॅडमच्या काचंवरबी उगड्या डोळ्यांनी कुठं काय दिसत हुतं?

"बघतीस काय? इख न्हाय त्यात!"

पोरगी गटागटा प्याली. मी तिच्या हलणाऱ्या गळ्याकडं बघत ऱ्हायले.