हँडब्रेकची वायर

गाडीत इंटरनेटचा स्क्रीन बसवण्यात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता. हँडब्रेक ओढल्याशिवाय व्हिडिओ लागू नये म्हणून त्याला एक वायर असते. गिऱ्हाइकानं सांगितलं की मिस्त्री ती तोडून द्यायचा, मग धावत्या गाडीतही मॅच दिसायची.

एकदा जावई गाडी घेऊन आला. "माझीही तोडा, मामा."

"नाही जमायचं, जावईबापू. त्या गाडीत माझी लेक बसते."

जावई हसला. "मग बाकीच्या गाड्यांत काय पोती बसतात?"

मिस्त्रीच्या हातातली पक्कड तशीच राहिली. त्यानंतर त्यानं एकही वायर तोडली नाही. निम्मं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. आधीच्या गाड्या मात्र धावताहेत. रस्त्यावर कुणाचा ब्रेक करकचला, की मिस्त्री काम टाकून दाराशी येतो.