माझ्या वडिलांचं भूत करणारे सर

कोठुळे सरांची आणि माझी पहिली ओळख आमच्या मोरीच्या बंद दारातून झाली. मी सहा वर्षांची होते आणि आत लपून बसले होते. बाहेरून आई समजावत होती, "अगं, भूत नाही आलेलं. भूत करणारे सर आलेत." ही ओळख ऐकून कुठलं मूल बाहेर येईल? मी कडी आणखी घट्ट दाबून धरली.

अमृतमहोत्सव समितीनं मला या गौरवग्रंथासाठी सरांची शिष्या म्हणून लिहायला सांगितलं आहे. आज मी नाटक-मालिकांची रंगभूषा करते ती त्यांनीच शिकवली, त्यामुळे ते खरंच आहे. पण शिष्या मी पुढे झाले. त्याआधी सरांच्या सिनेमाला पुरती घाबरलेली बहुधा एकमेव प्रेक्षक मी होते, आणि त्या अधिकारानं हा लेख लिहिते आहे.

सर सातपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि संध्याकाळी कामगारांची नाटकं बसवत. माझे पप्पा, रमेश साळवे, एका इंजिनिअरिंग कारखान्यात पाळीत काम करायचे आणि सरांच्या नाटकात हमखास असायचे. नवं शतक नुकतंच लागलं होतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे छोटे डिजिटल कॅमेरे आले होते. सरांनी तसा एक मागून आणला आणि 'भोंग्यानंतर' हा भयपट काढला. गोष्ट साधी होती. कारखाना बंद पडला आहे, त्यातला एक कामगार वारला आहे, आणि त्याला या दोन्ही गोष्टींचा पत्ता नाही. तो रोज कामावर येतो आणि पाळी संपली की घरी जातो. हा मेलेला कामगार म्हणजे माझे पप्पा.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात भुताखेताला, अंगाऱ्या-धुपाऱ्याला थारा नव्हता. पप्पांनी सरांना सरळच सांगितलं होतं, "भूत होतो सर, पण मांत्रिक नाय पायजे. लिंबू-मिरची आली की मी चाललो." त्या काळात मांत्रिकाशिवाय भयपट काढणं म्हणजे वरातीशिवाय लग्न लावणं. सरांनी जागच्या जागी मांत्रिक काढून टाकला. तरी कॉलनीत कुजबुज झालीच. तेव्हा सर आमच्या विहारात आले, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "माझ्या सिनेमात भूत आहे, पण त्याला कुणी नवस बोलत नाही आणि कुणी उतरवत नाही. त्याची कंपनी गेली आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं, एवढंच." त्या दिवसांत निम्म्या घरांना कंपनीचा घोर लागलेला.  एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मग काढा सर. आमालाबी कोनी सांगत नाय." सरांच्या सामाजिक जाणिवेविषयी या ग्रंथात जाणकार लिहितीलच. मला ती सतरंजी पुरेशी आहे.

त्या सिनेमातला जो प्रसंग आज कॉलेजची मुलं रील करून एकमेकांना पाठवतात, तो मुळात एक चूक होती. शूटिंग सातपूरच्याच एका बंद शेडमध्ये चाललं होतं. पप्पांनी दारातून आत यायचं आणि थेट कॅमेऱ्याकडे चालत जायचं, असं ठरलं होतं. ते पाळी संपवून तसेच आले होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि सवयीनं भिंतीकडे वळले. तिथलं हजेरीचं पंचिंग मशीन कधीच काढून नेलं होतं, उरली होती फक्त स्क्रूची भोकं. पप्पांनी खिशातून कार्ड काढलं, रिकाम्या भिंतीवर पंच केलं, कार्ड पुन्हा खिशात ठेवलं आणि पुढे चालू लागले. मधेच लक्षात आलं तसे ओशाळून म्हणाले, "चुकलं सर, सवयीनं गेला हात." सरांनी कॅमेरा बंद केलाच नव्हता. म्हणाले, "साळवे, ही चूक आता कुणी सुधारायची नाही." माणसाच्या हातून जे आपसूक होतं त्याच्यापुढे दिग्दर्शकानं गप्प बसावं, हे सर आजही सांगतात. स्वतः मात्र इतर वेळी फारसे गप्प बसत नाहीत, हे त्यांच्यासोबत काम केलेल्या कुणालाही विचारावं.

सिनेमा शहरात आठवडाभरही टिकला नाही. लोकांना किंचाळणारं भूत हवं होतं, आणि हे बिचारं डबा घेऊन ड्यूटीवर जाणारं. पण पप्पा पडद्यावर दिसणार म्हणून आई मला हौसेनं नटवून घेऊन गेली होती. पंचिंगपर्यंत मी बरी होते. मग राखेसारख्या चेहऱ्याचे पप्पा हातात डबा घेऊन घराच्या दारात उभे राहिले आणि आत बघून हसले. अगदी तसेच, जसे रोज आमच्या दारात हसायचे. मी जी किंचाळले ती आईनं बाहेर आणेपर्यंत थांबले नाही.

त्यानंतर मी पप्पांजवळ जाईना. ते जेवायला बसले की मी शेजारच्या घरी. त्यांच्या हातचा बिस्किटाचा पुडासुद्धा घेईना. वेगळं दिसावं म्हणून पप्पांनी मिशी काढली, तर ओळखीची होती तीही खूण गेली आणि मी जास्तच घाबरले. शेजारीण म्हणाली, "पोरीला बघितलंय कायतरी, उतरवून टाका." आई म्हणाली, "बघितलंय ते तिच्या बापाला. बापाला काय उतरवू?" शेवटी पप्पांनी दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे ते घरी येतील तेव्हा मी झोपलेली असेन. ज्यानं पोरीच्या हौसेसाठी सिनेमात काम केलं, त्या माणसावर ही वेळ आली. आज मी आई आहे, आणि हे लिहिताना मधेच उठून लेकीला बघून येते.

सरांना हे कळलं आणि रविवारी सकाळी ते आमच्या दारात हजर झाले. मोरीच्या दारामागची मी ती तेव्हाचीच. त्यांनी मला बाहेर ओढलं नाही. ओट्यावर स्टूल टाकलं, पप्पांना बसवलं, हातात आरसा दिला आणि मोठ्यानं बोलत रंगवायला सुरुवात केली. "हा पॅनकेक. ही राखाडी पावडर. हे काजळ, वहिनींच्याच डबीतलं घेतो." मी फटीतून बघितलं आणि पुन्हा कडी लावली. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा तर पप्पांना रंगवून झाल्यावर त्यांनी स्वतःचाही चेहरा रंगवून घेतला आणि तसेच चहा पीत बसले. भूत बशीतून फुर्रकन चहा ओढतंय हे बघून मला हसू फुटलं. ते ऐकून सरांनी मान वळवली नाही, नुसतं म्हणाले, "हसणाऱ्या बाईंनी जरा तेल आणून द्यावं. पुसायचंय."

मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन बाहेर आले. सरांनी कापसाचा बोळा माझ्या हातात दिला आणि स्टुलावर रंगून बसलेल्या पप्पांकडे बोट दाखवलं. मी लांबूनच हात पुढे केला. गालावरून बोळा फिरवला तशी राख निघाली आणि खालून पप्पांचा सावळा गाल आला. मग कपाळ आलं. निम्मं भूत, निम्मे पप्पा. पप्पांनी डोळे मिटले होते आणि त्यातून पाणी यायला लागलं, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले, "हलू नको ना पप्पा, पसरतंय!" आईला हुंदका आवरेना. सर पाठ फिरवून रंगांचा डबा आवरत बसले. त्या दिवशी मी पप्पांच्या मांडीवर बसून जेवले.

रंगभूषा मी तिथून शिकायला लागले ती अजून शिकते आहे. सरांचा एक नियम मी माझ्या विद्यार्थ्यांनाही लावते. भूत असं करायचं की त्याच्या घरच्यांनी त्याला ओळखलं पाहिजे, आणि ज्याला रंगवायचं त्याला प्रत्येक टप्प्यावर आरसा दाखवायचा. भयपट बघायचा तो सकाळी, पोहे खाऊन, खिडक्या उघड्या ठेवून, हा त्यांच्या घरचा दुसरा नियम. अंधाराच्या मदतीनं कुणीही घाबरवील, म्हणतात. दुसऱ्यांचे भयपट बघताना मात्र सर बिनदिक्कत घोरतात.

पडलेला तो सिनेमा पुढे सीडीवरून हॉस्टेलाहॉस्टेलांत फिरला आणि आज त्याला 'कल्ट' म्हणतात. गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या सभागृहात त्याचा खेळ झाला तेव्हा तरुण पोरांनी गर्दी केली होती. पंचिंगच्या प्रसंगाला सगळ्या सभागृहानं हवेत कार्ड पंच केलं. पप्पा माझ्याशेजारी बसून लाजत होते. सर मात्र दिसेनात. मी शोधायला बाहेर गेले, तर ते पायरीवर एका चिमुरडीबरोबर बसलेले. डबा घेऊन दारात येण्याचा प्रसंग जवळ आला तसं त्यांनी तिच्या आईवडिलांची परवानगी काढून तिला बाहेर आणलं होतं आणि तिच्या हातावर पेनानं हसरं भूत काढून देत होते. आत त्यांच्या नावानं टाळ्या पडत होत्या.

मी तिथेच विचारलं, "सर, दुसरा सिनेमा का नाही काढलात?" गोष्ट तर त्यांच्याकडे तयार आहे. पंचवटीच्या भाजीबाजारातली ती बाई, जी बाजार उठल्यावर उरलेली भाजी मागायला येते आणि जिचे पाय कुणीच बघितलेले नाहीत, ती गोष्ट आपण सगळ्यांनीच सरांच्या तोंडून ऐकली आहे. शेवट त्यांनी कुणालाच सांगितलेला नाही. सर म्हणाले, "एका पोरीचा बाप हिरावला होता मी. पुन्हा धाडस झालं नाही." एवढी वर्षं आम्ही समजत होतो की सिनेमा पडला म्हणून ते थांबले.

 त्याचं उत्तर मी इथे, सगळ्यांदेखत देते.

सर, ती पोरगी मी आहे. बाप तुम्ही हिरावला असेल, पण रविवारमागून रविवार येऊन परतही तुम्हीच आणून दिलात, आणि तो आज माझ्या घरून नातीला शाळेत सोडतो. दुसऱ्या सिनेमासाठी पप्पांना मी विचारलं आहे. ते म्हणाले, "मी येतो. पन सरांना म्हनावं तब्येत सांभाळा, टेक लय घेत्यात ते." तुम्हाला दीर्घायुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, ओरडायला आवाज खणखणीत राहो, कारण भाजीबाजार पहाटे भरतो आणि तुम्हाला तिथे उभं राहायचं आहे. लहान मुलांना पायरीवर सांभाळायला मी माणूस ठेवीन. मी स्वतः मात्र पहिल्या रांगेत बसणार. सर, मला अजून एकदा पोटभर घाबरवा.