देवमासा, पाच कॉलम

काका आणि साहेब यांची पहिली भेट झाली तेव्हा, कचेरीत आजही सांगतात, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, पंखा आपोआप पाचावरून दोनावर आला आणि संपादकांच्या घशात अडकलेलं बिस्कीट काढायला दोन माणसं लागली. सायंदैनिकाची पानं छापण्याआधी सरकारचा माणूस तपासणार असा हुकूम निघाला होता आणि तो माणूस दारात उभा होता. सगळे उठून उभे राहिले. खेळाचं पान बघणारा तर घाबरून खुर्चीवरच उभा राहिला. काका तेवढे खाली मान घालून कात्री चालवत होते. वर न बघता म्हणाले, "जाहिरात असेल तर पलीकडची खिडकी. निधनवार्तेला सवलत आहे."

साहेबांनी सवलत नाकारली आणि एक खुर्ची ओढून घेतली. ती मग त्यांचीच झाली.

काका खरे काका एकीचेच. थोरल्या भावाची मुलगी याच पेपरात वार्ताहर होती. ती काका म्हणायची, म्हणून काकांपेक्षा वयाने मोठे असलेले संपादकही त्यांना काका म्हणू लागले. काकांचं काम पानपूरकांचं. बातमी कमी पडली, जाहिरात ऐनवेळी निघाली, की पानात भोक पडतं. ते काकांनी बुजवायचं. उंट किती पाणी पितो, मुंग्यांना झोप लागते का, असला मजकूर त्यांच्या कपाटात मापं घेऊन शिवलेल्या शर्टांसारखा घडी घालून ठेवलेला असे. काकू म्हणायच्या, "जगातल्या झाडून सगळ्या जनावरांची यांना खबर. घरातला गॅस संपलाय, तेवढं सोडून!"

साहेब आले आणि काकांचं दुकान जोरात चालू लागलं. साहेबांची लाल पेन्सिल फिरली की भोक. पण जागा कोरी सोडायची नाही. "लोकांना उगाच शंका येते," साहेब म्हणायचे. मग काका उंट आणायचे. साहेबांना उंट फार आवडायचा. ते पानपूरक मन लावून वाचायचे आणि धाकट्या मुलीसाठी कापून घरी न्यायचे.

लोक काही दुधखुळे नव्हते. शहराने हळूहळू पेपर वाचायची नवी रीत बसवली. बातम्या सोडायच्या आणि जनावर मोजायचं. एक कॉलम मुंगी म्हणजे कोणाची तरी बदली. दोन कॉलम कासव म्हणजे कोणीतरी पैसे खाल्ले. काकांना हे न्हाव्याकडून कळलं.

"काका, काल जिराफ तीन कॉलम? मंत्री गेला की काय?"

मंत्री ठणठणीत होता. साबणाची जाहिरात आली नव्हती, इतकंच. पण तोवर चार मंडळी पडल्या चेहऱ्याने मंत्र्याच्या बंगल्यावर जाऊन आली होती, आणि त्यांना दार उघडलं ते मंत्र्यानेच.

मग पुतणीने नव्या पुलाच्या खांबाला गेलेल्या भेगेबद्दल लिहिलं. साहेब रजेवर होते, छापून गेलं. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस येऊन तिला चौकशीसाठी घेऊन गेले. कुठे, ते कोणी सांगेना. ठाण्यात म्हणाले, अशी कोणी इथे आलेलीच नाही.

थोरला भाऊ रोज फोन करायचा. आधी ओरडायचा, "तूच चिकटवलंस ना तिला तिथे?" मग ओरडेनासा झाला. नुसता फोन कानाला धरून बसायचा. इकडे काकाही बसायचे.

शेवटी संपादकांनी बातमी लिहिली. आमच्या वार्ताहराला पोलिसांनी नेलं आहे, तिचा पत्ता नाही. पहिलं पान, वरच्या बाजूला, फोटोसकट पाच कॉलम. एकदा छापून आलं की कोणाला नाही म्हणता येणार नाही, लोक ठाण्यावर जातील, पोरीला सोडावंच लागेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. साहेबांनी बातमी दोनदा वाचली. म्हणाले, "काका, हे माझ्या हातात नाही हो." आणि रेघ मारली.

काकांना काहीच वाटलं नाही. दाढ बधिर केल्यावर आपण तिला जीभ लावून बघतो, तसं त्यांनी पुतणीचं नाव मनातल्या मनात घेऊन पाहिलं. काही दुखलं नाही.

"चार बारक्या बातम्या लावू," संपादक म्हणाले. "भोक कळणारही नाही."

"नको. एकच लावतो."

पाच कॉलमांचं जनावर कपाटात एकच होतं. देवमासा. इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता. आता लोकांनी मोजावं, एवढाच काकांचा विचार.

साहेबांनी तो वाचला. "हृदय एवढं मोठं असतं?"

"असतं म्हणतात."

"छान आहे," म्हणून साहेबांनी सही केली.

पाच कॉलम देवमासा! अंक हातोहात संपले. काहीतरी फार म्हणजे फारच मोठं झालंय, हे शहराला कळलं. काय झालंय, ते बिचारा देवमासा कुठून सांगणार? लोकांनी गाड्यांत पेट्रोल भरून घेतलं. बँकेपुढे रांग लागली. मेणबत्त्या मिळेनाशा झाल्या. न्हाव्याने दुकान लवकर बंद केलं आणि फोन केला.

"काका, युद्ध का?"

"माझ्या पुतणीला नेलंय."

"अरेरे," न्हावी कळवळून म्हणाला. "वाईट झालं. पण मग पाच कॉलम कशाचे?"

ठाण्यावर कोणी गेलं नाही.

पुष्कळ दिवसांनी ती आपली आपण रिक्षाने घरी आली. यापुढे काही लिहिणार नाही असं लिहून देऊन आली होती. काका भेटायला गेले. ती खिडकीशी बसून चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट तुटून कपात पडलं, ती बघत राहिली.

"तुझ्यासाठी देवमासा लावला होता," काका म्हणाले.

"बघितला. आत पेपर यायचा."

"मग?"

"मला वाटलं, कोणीतरी मोठं माणूस गेलं."

काकांनी मान डोलावली. थोरल्या भावाने टीव्हीचा आवाज जरा वाढवला.

त्या वर्षी सरकारच्या माध्यम विकास विभागाने वृत्तपत्रांतल्या माहितीपर मजकुराची स्पर्धा घेतली. साहेबांनी परस्पर देवमासा पाठवून दिला. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते टपालाने आलं. पुतणी विमा कंपनीत लागली.