ऑकलंडला निघालेले स्वेटर

मधुमतीबाई उजागरे यांच्या हातात विणकामाच्या सुया दिसल्या नाहीत, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर बाई आजारी आहेत, नाही तर नवऱ्यावर रागावल्या आहेत. राजारामरावांना चौतीस वर्षांच्या संसारात हे पक्कं ठाऊक झालेलं. लग्न होऊन बाई नगरहून लखनौला आल्या, तेव्हा राजारामराव मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते. तिथल्या क्वार्टरच्या अंगणात शेजारच्या मिश्राइनने बाईंच्या हातात सुया दिल्या, त्या आजतागायत सुटल्या नाहीत. निवृत्तीनंतर दोघं लखनौतच जानकीपुरमच्या छोट्या घरात राहायला आली, तेव्हा भांड्यांच्या आधी लोकरीची पेटी आत गेली.

लोकर नवीन घ्यायची म्हणजे महाग. बाई जुने स्वेटर उसवायच्या, लोकर धुवायच्या, लडी करून गच्चीत वाळवायच्या. राजारामरावांचा ड्युटीवरचा निळा स्वेटर असाच हळूहळू नातवंडांच्या अंगावर गेला. "माझ्या नोकरीतलं एवढंच काय ते परदेशी पोचलं," असं ते म्हणत.

त्यांची एकुलती मुलगी देविका लग्नानंतर स्कॉटलंडला गेली. तिथे आधी अर्णव आणि मग स्वरदा झाली. सहा नाताळ बाईंनी तिकडे स्वेटर पाठवले, आणि तिथल्या थंडीत ते उपयोगालाही आले. दोन वर्षांपूर्वी जावयाची, सौरभची, नोकरी बदलली आणि सगळे न्यूझीलंडला, ऑकलंडला गेले. राजारामरावांनी भिंतीवरच्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ लावलं आणि ऑकलंडची वेळ लावून ठेवली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

खाऊ पाठवायची सोय नव्हती. नाताळच्या करंज्या आणि शंकरपाळे तिथली तपासणीवाली मंडळी आत येऊ देत नाहीत, असं देविकाने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. महागडी खेळणी परवडणारी नव्हती, आणि तिकडे त्यांना तोटाही नव्हता. मग उरलं ते हातचं विणकाम. मुलं चार वर्षांत एकदाही लखनौला आली नव्हती. स्वरदा तर शेवटची येऊन गेली तेव्हा दोन वर्षांची होती. तिला आजीचा हात आठवत नाही, मांडी आठवत नाही. वर्षातून एकदा आजीच्या हातचं काहीतरी तिच्या अंगावर चढावं, नाही तर ही पोर आपल्याला फोनमधली बाई समजेल, अशी भीती मधुमतीबाईंच्या पोटात कायम होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

यंदाचे स्वेटर दुप्पट जाड होते. त्याला कारण होतं. जूनमध्ये लखनौत पंखाही गरम हवा फेकत होता, कूलरपुढे बसूनही बाईंचा पदर ओला होत होता, आणि फोनवर नातवंडं दिसली ती चक्क स्वेटर घालून! "आई, इथे फार थंडी आहे, यार," देविका म्हणाली होती. बाईंनी लगेच हिशेब मांडला. जूनमध्ये ही अवस्था, तर डिसेंबरात लेकरं कशी कुडकुडत असतील! गेल्या नाताळलाही दोघांचे गाल लालबुंद दिसले होते. थंडीने फुटले असणार, दुसरं काय? झालं, गळा उंच, बाह्या लांब, दोन पदरी लोकर.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोघं पार्सल घेऊन मोठ्या डाकघराजवळ गेली. बाहेर फुटपाथवर नज़ीर मियाँ सुईदोरा घेऊन बसतात. परदेशी जाणारं पार्सल डाकघरातून तपासून आणलं की ते पांढऱ्या कापडात शिवून द्यायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. राजारामराव आधीच घरून कस्टमचा फॉर्म ठळक अक्षरांत भरून घेऊन आले होते. नज़ीर मियाँनी कापड मापलं, स्वेटर हातात घेतले, उलटेपालटे केले आणि पत्ता वाचला.

"अम्मा, ये न्यूज़ीलैंड जा रहा है?"

"हाँ, नाताळ है ना. बच्चों के लिए."

"बुरा न मानिए, पर दिसंबर में वहाँ सख़्त गर्मी पड़ती है. उधर वाले सब मलमल भेजते हैं. ऊनी स्वेटर हम उधर के लिए अप्रैल में सीते हैं."

नज़ीर मियाँ कधी लखनौबाहेर गेले नसतील, पण कुठल्या देशात कधी काय घालतात हे त्यांना पार्सलं शिवून शिवून कळलं होतं. मधुमतीबाई तिथेच फुटपाथवर उभ्या राहिल्या. त्यांना जूनचे स्वेटर आठवले. मग डिसेंबरातले लाल गाल आठवले, आणि त्या गालांचं खरं कारण डोक्यात शिरलं. देवा! ती लेकरं उकाड्यात लोकर घालून आपल्यासमोर हसत बसली होती.

त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की," राजारामराव म्हणाले. "तिकडे ऋतू उलटे असतात."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुलाही माहीत आहे. तू विचारलंस कुठे?"

उन्हाने रूळ किती वाढतो हे मोजण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने बायकोला एवढंही सांगू नये!  रिक्षात बाईंनी सुया पिशवीतून बाहेर काढल्या नाहीत. राजारामराव काय समजायचं ते समजले.

खरं तर त्यांचा राग नवऱ्यावर फारसा नव्हता. आपण हौसेने विणलं आणि पोरांनी सोसलं, हे त्यांना लागलं होतं. देविकाही बोलली नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून तिला अडाणी ठेवलं, याचंही वाईट वाटलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. पार्सल चार दिवसांत निघालं तरच नाताळआधी पोचणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच अमीनाबादला गेल्या. थंडीच्या तोंडावर तिथे शाली आणि रजयांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि चिकनच्या भरतकामाचे कुर्ते विकणारा दुकानदार माश्या मारत बसला होता. त्याने बाईंना चहा मागवला. उन्हाळ्यात जो माणूस भावाला हात लावू देत नाही, तोच आता "आप ही बोलिए, बहनजी" म्हणत होता. बाई बोलल्या, आणि नगरच्या माणसासारख्या रोखठोक बोलल्या. फिकट निळा अर्णवला, पांढरा स्वरदाला, दोन्ही मलमलचे, मनासारख्या भावात.

घरी येऊन त्यांनी कुर्ते समोर पसरले. सुंदर होते, पण ते दुसऱ्या कुणाच्या हातचे होते.  मग त्यांनी पिशवीतून क्रोशाची सुई काढली आणि उरलेल्या लाल लोकरीची रुपयाएवढी दोन फुलं विणून खिशांवर टाचली. राजारामरावांनी सुई हातात पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मुकाट्याने दुसरा फॉर्म भरला. स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेले, एप्रिलसाठी.

नाताळच्या दिवशी चर्चहून आल्या आल्या दोघं फोनसमोर बसली. लखनौत धुकं अजून हटलं नव्हतं. भिंतीवरच्या ऑकलंडच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आजीचं पार्सल फोनवर, आजीसमोरच फोडायचं, असा तिकडचा नियम होता. अर्णवने नज़ीर मियाँची शिवण कात्रीने उसवली. कुर्ते निघाले. देविकाने ते हातात धरले आणि तिचा चेहरा खुलला.

"आई! चिकन! अमीनाबादचा?"

"तू मला सांगायचं नाही का गं, तिकडे उन्हाळा असतो म्हणून?"

 देविका हळूच म्हणाली, "तू वर्षभर विणतेस. कसं सांगणार?"

मुलांनी कुर्ते घातले. अगदी मापात बसले. बाईंना समाधान वाटलं. पण अर्णव रिकाम्या कापडात पुन्हा हात घालून काहीतरी शोधत होता.

"आजी, स्वेटर किधर है?"

"बाळा, उकडतं ना तुम्हाला? म्हणून नाही पाठवला."

"पर हमारा गेम?"

मग देविकाला सांगावंच लागलं. आजीचा फोन ठेवला की दोघं भाऊबहीण स्वेटर न काढता बसायची. जो आधी काढेल, त्याने रात्रीच्या जेवणाची भांडी घासायची. गेल्या वर्षी सौरभने पंखा बंद करून खेळ रंगवला होता. मुलं नाताळच्या झाडाइतकीच या खेळाची वाट पाहायची.

मधुमतीबाईंना हसावं की काय करावं कळेना. तेवढ्यात स्वरदा पडद्यावरून गायब झाली. परत आली ती कुर्त्यावर स्कॉटलंडच्या वेळचा निळा स्वेटर चढवून. बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या, खालून कुर्ता बाहेर लोंबत होता, आणि लाल फूल स्वेटरखाली फुगून वर आलं होतं.

"आबा, टाइम लगाओ!" तिने हुकूम सोडला.

राजारामराव उठून ऑकलंडच्या घड्याळापुढे जाऊन उभे राहिले. नोकरीत असताना उभे राहत, तसे ताठ. मधुमतीबाईंनी हसता हसता पदराने डोळे पुसले, खुर्चीवरून हात लांब करून ट्रंक उघडली आणि दोन्ही जाड स्वेटर फोनसमोर धरले. "हे बघ, हे इथे आहेत, एप्रिलमध्ये येतील. पुढच्या नाताळला कुर्ताही येईल आणि स्वेटरही येईल."

"और मोटा बनाना, आजी," स्वरदा घाम पुसत म्हणाली.

ती अकरा मिनिटं टिकली. तोवर मधुमतीबाईंनी नव्या स्वेटरचे टाके घालायला घेतले होते.