पाणी न पिणारा उंदीर

परतवाड्याच्या बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागली, तेव्हा माझी बॅग आईनं चढवली. बाबांना वजन उचलायची मनाई होती. त्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. ते खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "जयभीम. पोचली का फोन कर. आन त्या उंदराचं मले नीट सांगजो."

तो उंदीर म्हणजे कांगारू उंदीर. ॲरिझोनाच्या वाळवंटात त्याच्या किडनीवर पीएचडी करायला मी निघाले होते. बापाची किडनी गेलेली असताना पोरगी उंदराची किडनी पाहायला चालली, हे काही नातेवाइकांना पटलं नाही. मलाही पटत नव्हतं. मी थांबते म्हटलं, तर बाबांनी, आयुष्यभर शाळेत शिकवत आलेल्या माणसानं, उलट मलाच विचारलं, "तू थांबून माही किडनी चालू होते का?"

तुमच्यापैकी जे पुण्याला, दुबईला गेले, त्यांना पहिले महिने कसे जातात ते ठाऊक आहे. मला त्या महिन्यांत सोबत होती ती या प्राण्याची. मुठीत मावेल एवढा, शेपटीच्या टोकाला झुपका, मागच्या दोन पायांवर टणाटण उड्या मारणारा. पहाटे पिंजरे तपासायचे, आत आलेल्यांचं वजन करायचं, सोडून द्यायचं. इथली पहाट म्हणजे तिथली संध्याकाळ. बाबा तेव्हा अमरावतीहून डायलिसिस करून परतलेले असत.

"पानी पेतच नाई म्हणते?" त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं. "मंग जगते कसा?"

मी सांगितलं, की कोरडं बी खाल्लं तरी ते शरीरात पचताना थोडं पाणी तयार होतं, आणि त्याला तेवढं पुरतं. त्याची किडनी पाणी इतकं पिळून परत घेते, की लघवी अगदी दाट होते. श्वासातली वाफसुद्धा नाकातल्या गारव्यानं पाणी होऊन आतच राहते. बाबा ऐकत राहिले. परतवाड्याचा मे महिना होता आणि डॉक्टरांनी त्यांना दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत बांधून दिलं होतं. तहान लागली की ते बर्फाचा खडा चघळायचे.

मला वाटलं, हा विषय त्यांना टोचेल. झालं उलटंच. पुढच्या वेळी प्रश्न तयार होता. "गालात दाने भरून नेते म्हणते, मंग थुका नाई लागत दान्याले?" नाही लागत, त्याच्या गालाच्या पिशव्या तोंडाच्या बाहेरून उघडतात, आतून केसाळ, कोरड्या. "वा!" बाबा एवढ्या जोरात म्हणाले, की मागून आई ओरडली, काय झालं म्हणून. मशीनला लावलेल्या शेजारच्या माणसांनाही ते हे सगळं सांगत. एका चाचांनी तर निरोप पाठवला, की त्या उंदराची किडनी माणसाला बसते का ते विचारा.

बसवायची गोष्ट मग खरंच निघाली. आईची किडनी जुळली. बाबा नाही म्हणाले. फोनवर मला म्हणाले, "तिले काई झालं तं?" मी मला माहीत होतं ते सांगितलं, माहीत नव्हतं तेही कबूल केलं. ते ऐकेनात. शेवटी आईनं फोन घेतला आणि मला नव्हे, त्यांनाच सुनावलं: "जनमभर तुमी सांगतलं, मी आयकलं. आता मी सांगून राह्यली, तुमी आयका."

ऑपरेशन नागपूरला झालं. मी सुट्टी काढून गेले. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, आणि मी मधल्या कॉरिडॉरमध्ये. काही दिवसांनी डॉक्टर बाबांना म्हणाले, आता भरपूर पाणी प्यायचं. बाबांनी ग्लास हातात घेतला, बराच वेळ नुसता धरून ठेवला, आणि मग सावकाश, थांबत थांबत प्यायले. आई खुर्चीत बसून पाहत होती.

यंदा डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर दोघं माझ्याकडे आले. तोपर्यंत माझ्या फ्लॅटला ते 'पोरीची रूम' म्हणत. एका पहाटे मी त्यांना सोबत नेलं. पिंजऱ्याचं दार उघडलं तसा उंदीर बाहेर आला, दोन उड्यांत बिळात शिरला आणि थोड्या वेळानं आतून वाळू ढकलून त्यानं तोंड बुजवून घेतलं. बाबा गुडघ्यांवर बसून पाहत होते.

"काहून बंद केलं?"

"आतला ओलावा बाहेर जाऊ नये म्हणून. त्याच्याच श्वासाचा असतो. साठवलेले दाणे तो ओलावा शोषतात आणि मग उंदीर ते खातो."

बाबांनी मान हलवली. आईनं त्यांना हात देऊन उठवलं. ऊन वर येऊ लागलं होतं. त्यांनी पँटवरची वाळू झटकली आणि म्हणाले, "चाल, आपूनई आता घरी जाऊ."

परतवाडा तिथून अर्ध्या पृथ्वीवर होता, आणि तो त्यांच्या मनातही नव्हता. मी गाडीची किल्ली काढली आणि आम्ही तिघं घरी आलो.