बोटं वाजल्याशिवाय पान्हा नाही

माझी बोटं मोडायची सवय आमच्या घरात कुणालाच आवडली नाही, एका गाईला सोडून. आणि तिला आवडली म्हणूनच सहा वर्षं मला माहेरी एक रात्र मुक्काम करता आला नाही.

सवय लग्नानंतरची. माहेरी, पारनेरकडच्या कोरडवाहू गावात, मनात येईल ते मी तोंडाने बोलून मोकळी व्हायचे. सोनईजवळच्या या घरात आले आणि तोंडाला कुलूप लागलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. भाकरी जाड का, चहा पातळ का, पदर कुठे गेला, असं त्यांचं दिवसभर चालायचं. उलटून बोलायची सोय नव्हती. मग मी चुलीपाशी उभी राहून एकेक बोट तळव्याकडे दाबायचे. आधी बोटात काहीतरी अडून बसल्यासारखं वाटतं, तिथे जरा दुखतं, आणि नेमकं ते दुखणंच गोड लागतं. मग कट्कन आवाज येतो आणि सुटतं. घरातलं दुसरं काहीच माझ्या हातून सुटत नव्हतं, हे तरी सुटायचं. लगेच पुन्हा मोडायला जावं तर बोट वाजत नाही, वीस-पंचवीस मिनिटं वाट बघावी लागते. मी वाट बघायचे.

गावातल्या डॉक्टरांना एकदा विचारलं, तर म्हणाले, सांध्यात पाणी असतं, त्यात बुडबुडा होतो, त्याचा आवाज. असेल बाई. पण साध्या बुडबुड्याने माणसाला एवढं बरं वाटतं होय?

आत्याबाईंना त्या आवाजाचा भारी राग. "भरल्या घरात बोटं मोडू न्हाई. कुनाच्या नावानं मोडतीस?" मी मान खाली घालायचे, कारण खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं. हीच बाई नातवाच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर दहाच्या दहा बोटं कडाकडा मोडायची, अलाबला घ्यायची. तिथे चालायचं!

आत्याबाई गेल्या, सवय राहिली. धार काढायला बसायच्या आधी मी ठरल्याप्रमाणे दोन्ही हातांची बोटं मोडायचे. आधी डावा हात, मग उजवा. दोन-चार गाईंचं दूध हाताने काढून बघा, मग कळेल बोटं का मोडावी लागतात ते. सहा वर्षांपूर्वी ही काळी-पांढरी गाय पहिल्यांदा व्याली. भलती बुजरी. कासेला हात लावला की लाथ. आठवडाभरात शांत झाली, तेव्हा मला वाटलं माझा हात तिला मानवला.

हात कसला! एका दुपारी मी अंगणात शेजारणीशी बोलत उभी होते. ती तिच्या सुनेचं गाऱ्हाणं संपवेना, म्हणून कंटाळून मी बोटं मोडली. तिकडे गोठ्यात या गाईच्या चारी सडांतून दुधाच्या धारा जमिनीवर लागल्या. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. पुढचं कळलं असतं तर रडले असते.

कारण झालं असं की बोटं वाजल्याशिवाय गाय पान्हा सोडेना. मालकांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, पेंड ठेवली, पाठ थोपटली, वासरू सोडलं. वासरापुरतं दूध यायचं, बाकीचं चोरून ठेवायची. दूध काढायचं मशीन आणलं, तरी आधी बोटं माझीच. मालकांची बोटं वाजतच नाहीत. मी स्वतः ओढून बघितली. नांगर धरून धरून लाकडासारखी झालेली, एकदाही कट् नाही. मोबाईलवर माझ्या बोटांचा आवाज भरून ठेवला. गाईने कान हलवले, मोबाईलकडे बघितलं आणि रवंथ सुरू केला. दूध तटून राहिलं की कासेला दगडी होते, कास दगडासारखी कडक होते आणि गाय कायमची वाया जाते. ही तर गोठ्यातली सगळ्यात जास्त दुधाची. म्हणून सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी पाच, मी गोठ्यात पाहिजेच. मधे दोन महिने आटायची, तेव्हा तिच्या विण्याची वाट बघत मी घरातच.

माहेरी जायचं म्हणजे सकाळची धार उरकून सातची एसटी, नगरला उतरून दुसरी, पोचायला साडेदहा. एकला परत निघायचं. आई जेवण वाढायची, मी घड्याळ बघत जेवायचे. निघताना ती दरवेळी विचारायची, "आजची रात ऱ्हाती का गं?" मी दरवेळी सांगायचे, "गाय हाय ना आई." जगातली कुठली लेक आईला असलं कारण सांगते? पण मी सांगायचे, आणि गाडीत बसून बोटं मोडत यायचे. लोकांच्या लेकी आता अर्ध्या तिकिटात जिल्हाभर हिंडतात, मला ती सवलत फक्त पळापळीला उपयोगी पडली.

मालकांना यात काही वावगं वाटायचं नाही. "तुझा लळा हाय तिला," म्हणायचे. लळा! दावं तिच्या गळ्यात होतं तेवढंच माझ्या गळ्यात होतं.

मागच्या हिवाळ्यात भावजयीचा फोन आला. आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, नगरला दवाखान्यात ऑपरेशन आहे. मी पिशवी भरायला घेतली. मालक दारात उभे राहून म्हणाले, "जा की. पन सांजच्याला ये."

मला आजही त्या शब्दांचा राग येतो. मी म्हणाले, "आई उठून चालायला लागंस्तवर मी येनार न्हाई. गाय आटली तर आटू द्या." घरात एवढ्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले असेन.

पहिले दोन दिवस सारखे फोन. कास तटली. निम्मंच दूध आलं. लाथ मारली. एकदा तर मालकांनी मोबाईल गाईच्या कानाशी धरला आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोटं मोडली. येणारे-जाणारे बघायला लागले. तिकडे काही उपयोग झाला नाही. मी पलंगापाशी परत आले तर आई पडल्या पडल्या म्हणाली, "अजून मोडतीस व्हय बोटं?" मग हात पुढे करून म्हणाली, "माजी मोड बरं. लई अवघडलीत." मी तिची बोटं एकेक करून अलगद ओढली. दोनच वाजली. तिने डोळे मिटून "हां" केलं. एवढा वेळ तिचा हात हातात धरून मी लग्नानंतर कधी बसलेच नव्हते.

तिसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले. मी केला की मालक "बरं चाललंय" म्हणून ठेवायचे. मला वाटलं गाय विकली, नाहीतर गेली. आईला घरी नेलं, ती काठीला धरून चार पावलं टाकायला लागली, तेव्हा मी परत आले. पंधरा दिवस झाले होते. आल्या आल्या गोठ्यात गेले. गाय तिथेच उभी, तुकतुकीत.

"बघ आता गंमत," मालक म्हणाले. आमच्या गोठ्याचा कूड तुरकाट्यांचा आहे, तुरीच्या वाळक्या काड्या उभ्या बांधून केलेला. त्यांनी त्यातून एक काडी उपसली आणि गाईपाशी जाऊन तिचे तुकडे केले. कट्. कट्. कट्. गाईने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सडांतून धार सुरू झाली.

मालक अशा आनंदाने हसले की मला त्यांच्या अंगावर बादली ओतावीशी वाटली. शेवटी बोलले, "तिसऱ्याच दिवशी सुचलं बघ."

तीन दिवस! सहा वर्षं माझं घड्याळ बघत जेवण, सहा वर्षं आईचं विचारणं, आणि सगळ्याचा इलाज हाताच्या अंतरावर कुडात उभा होता. तो सुचला नाही, कारण सुचायची कुणाला गरजच नव्हती. मी होते ना. आणि मला तरी का सुचू नये? माझा राग त्यांच्यावर जास्त होता की माझ्यावर, ते मला सांगता येत नाही. मी बोटं मोडली, दहाच्या दहा, एकाही बोटात नेहमीचं सुख आलं नाही.

"उद्या सातच्या गाडीनं आईकडं चाललेय," मी म्हणाले.

"आता कशाला? बऱ्या हायेत ना त्या?"

"बरी हाय म्हनूनच. नुसतं ऱ्हायला म्हनून कधी गेलेच न्हाई."

ते हातातली काडी फिरवत राहिले. मग म्हणाले, "येशील कधी?"

"कुडाला काड्या लई हायेत," मी म्हणाले.